गोरित्साची बाटली

उल्म, ८ ऑक्टोबर

सेको,

मिले काकांच्या बसमधून निशहून खोकं पोचलं. आयवारच्या चटणीच्या बरण्यांपैकी एक हंगेरीच्या सीमेवरच फुटली, बाकीच्या धडधाकट आहेत. तुझं पत्र त्याच खोक्यात होतं, त्यामुळे ते तांबडं, तेलकट झालंय आणि त्याला भाजलेल्या मिरचीचा वास येतोय. वाचता वाचता पाव काढावा लागला. पण पत्रच पाठवत जा. फोनवर आई दोन मिनिटांत तुझ्या हातून रिसीव्हर काढून घेते आणि मग तेच, जेवलास का, गळ्याला काही गुंडाळतोस का.

मी बरा आहे. खिडक्या बसवायचं काम अजून टिकलंय, म्हणजे मीच टिकलोय. मुकादम म्हातारा चांगला आहे, दिवसातून तीन शब्द बोलतो आणि त्यातला एक ‘हं’ असतो.

आता तुझं. विद्यापीठाने तुला त्या नोकरी-कक्षात घेतलं, छान झालं. पण ‘विद्यार्थ्यांची नोकरीयोग्यता वाढवणे आणि मोजणे’ हे वाचून मी पायऱ्यांवर बसून हसलो. मोजणार कशाने? आपल्या बाबांच्या गाडीचं दरवर्षी पासिंग व्हायचं तसं का? दिवे लागतात का, ब्रेक लागतात का, धूर किती सोडतो? शाळा अर्ध्यात सोडलेल्या तुझ्या भावाने चार वर्षांत सहा नोकऱ्या मिळवल्या. मला कोणी मोजलं नाही. (पाच सोडल्याही, ते वेगळं.)

आईला सांग, गुंडाळतो.

वेल्को

निश, १७ ऑक्टोबर

वेल्को,

हस. लाडाने ‘सेको’ म्हणून बहिणीला हाक मारायला आणि पायऱ्यांवर बसून हसायला तुला वेळ आहे, मला नाही.

मोजतो कशाने ते सांगते. शहराबाहेर मोटारींच्या वायरी बनवणारा परदेशी कारखाना आहे ना, त्यांनी विद्यापीठाशी करार केलाय. शेवटच्या वर्षातली मुलं आम्ही तयार करायची, त्यांनी मुलाखत घ्यायची. बोलणं, एकत्र काम करणं, सचोटी, अशा रकान्यांत पाचपैकी गुण. एका रकान्यात जरी शून्य पडलं तरी मुलगा बाद, बाकी कितीही असोत. यंदा त्यांच्या तपासणी प्रयोगशाळेत एकच जागा आहे.

ती जागा गोरित्साला मिळावी असं मला वाटतं. वाटतं म्हणजे रात्रंदिवस वाटतं. स्वर्लिगच्या वरच्या एका गावची मुलगी आहे, घरी आजोबा, शेळ्या आणि प्लमची झाडं. मीटर हातात दिला की ती बिघाड असा शोधते, जणू वायर तिच्या कानात सांगते. पण समोर माणूस बसवला की संपलं. सराव-मुलाखतीत मी विचारलं, ‘‘स्वतःबद्दल सांग.’’ ती म्हणाली, ‘‘काय सांगू?’’ आणि टेबलावरचा कागदी रुमाल फाडत बसली. पुढच्या सगळ्या प्रश्नांना ‘हो’, ‘नाही’, आणि टेबलावर रुमालाचा बर्फ. हात कुठे ठेवायचे हेच तिला कळत नाही.

ही जागा गेली तर तीही जाईल. तुझ्यासारखी, बसने. स्लोव्हाकियात गाड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहील आणि तिथे मीटर कोणी तिच्या हातात देणार नाही. आजोबा शेळ्या विकतील.

तुला एवढ्या नोकऱ्या मिळाल्या तर जरा उपयोगी पड. तूच सांग, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की तू काय सांगतोस? खरं सांग, मी वर्गात वाचणार आहे.

नेवेना

उल्म, २५ ऑक्टोबर

सेको,

वर्गात वाचणार आहेस म्हणून आज दाढी करून लिहायला बसलोय.

स्वतःबद्दल मी काहीच सांगत नाही. मला स्वतःबद्दल बोलायला लावलं तर मीसुद्धा मला कामावर ठेवणार नाही. त्याऐवजी मी काय करतो ऐक. मुलांनो, तुम्हीही ऐका.

रिकाम्या हाताने जात नाही.

या खिडक्यांच्या कामाला मुकादमाकडे गेलो, तेव्हा माझी जर्मन चार वाक्यांची. आईच्या आयवारची बरणी टेबलावर ठेवली. म्हातारा बरणीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. ‘‘हे काय?’’ म्हटलं, ‘‘आई.’’ झाकण उघडलं, बोट घातलं, चाटलं. म्हणाला, ‘‘सोमवारी ये.’’ त्याआधी गोदामात लागलो तेव्हा कॉफीचं पाकीट नेलं होतं. रंगकामाच्या वेळी आजीने विणलेले मोजे. त्या मालकाचे पाय गार पडायचे, त्याने मला हिवाळाभर ठेवून घेतलं.

तुमच्या गोरित्साला सांग, पोरी, हातांचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही. हातात काहीतरी घेऊन जा. ते समोर ठेवलंस की समोरचा माणूस माणूस होतो, मग बोलणं आपोआप सुटतं. तिच्या आजोबांकडे प्लमची झाडं आहेत म्हणतेस, म्हणजे घरी गाळलेली प्लमची दारू, राकिया, असणारच. मग अडलंय कुठे?

कळव काय झालं ते. आणि तुझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या तर तेही कळव.

वेल्को

निश, १४ नोव्हेंबर

वेल्को,

आई बरी आहे. थंडी पडली. मुलाखती झाल्या. मोजे पाठवतेय, मालकाला देऊ नकोस, तूच घाल.

नेवेना

उल्म, २२ नोव्हेंबर

सेको,

मोजे मिळाले. पत्र कुठंय?

चार ओळी? तू मला दुकानातून पाव आणायला सांगतानासुद्धा याहून जास्त लिहायचीस. लहानपणी तू आईची काचेची साखरदाणी फोडलीस तेव्हा दिवसभर अशीच बोलत होतीस. ‘हो आई, थंडी आहे आई.’ काय फुटलंय ते सांग.

की माझं पत्र वर्गात वाचून लाज वाटली? वाचलं नसेल तर राग नाही. शिकलेल्या पोरांसमोर भिंतींना भोकं पाडणाऱ्या भावाचं काय वाचायचं. पण गोरित्साचं काय झालं ते तरी लिही. मी इथे डब्याच्या सुट्टीत एका बोस्नियाच्या पोराला तिची गोष्ट सांगितली, तो रोज विचारतो, ‘‘तुझ्या वायरवालीचं लागलं का?’’

वेल्को

निश, ३० नोव्हेंबर

वेल्को,

पत्र वाचलं. टाळ्याही वाजल्या. सगळे हसले, मीही. गोरित्सा तेवढी हसली नाही. ती लिहून घेत होती.

मुलाखत घ्यायला कारखान्याच्या हिल्केबाई आल्या होत्या. माणसं निवडायचं काम त्यांच्याकडे आहे. हॉलंडच्या आहेत, वर्षभर आमच्याच गावात राहतात. कडक, पण वाईट नाहीत. मी कोपऱ्यात बसले होते, तोंड उघडायची परवानगी नव्हती.

गोरित्सा आत आली. आजोबांचा धुवून इस्त्री केलेला रुमाल, त्यात गुंडाळलेली राकियाची बाटली. टेबलावर ठेवली आणि वेल्को, ती बसली, ताठ, हात मांडीवर. पहिल्यांदाच तिचे हात स्थिर होते. मला वाटलं, जमलं!

हिल्केबाईंनी रुमाल उलगडला. बाटली बघितली. मग दोन बोटांनी, उंदीर सरकवावा तशी, ती टेबलाच्या कडेला सरकवली. म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही कशासाठी आणलंत, हे मला कळतं.’’ आणि त्यांना अजिबात कळलेलं नव्हतं. पुढचे प्रश्न त्यांनी विचारले खरे. गोरित्सा म्हणाली ‘हो’, ‘नाही’, ‘हो’. बाटली रुमालात परत बांधताना तिला गाठ मारता येईना.

सचोटी: शून्य. शेरा: ‘निवड करणाऱ्या व्यक्तीवर प्रभाव पाडण्याचा प्रयत्न.’ तो शेरा विद्यापीठाच्या नोंदीत राहतो, पुढच्या कारखान्यालाही दिसतो.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘नेवेना, एका बाटलीसाठी करार मोडायचा का?’’ मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्याकडे दाखला मागायला येणारे काय घेऊन येतात?’’ त्यांनी कपाटाकडे बघितलं, कपाटाचं दार लावलं आणि म्हणाले, ‘‘तो वेगळा विषय आहे.’’ जागा अजून भरलेली नाही, नाताळाच्या सुट्टीनंतर भरतील. गोरित्साने बसची चौकशी केलीय.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुला दोष दिला असता. दोष तुझा नाही. मीच ते पत्र वाचलं, आणि वाचताना एकदाही सांगितलं नाही की तिथे असं चालत नाही. मला सुचलंच नाही. आपण कोणाच्या दारात रिकाम्या हाताने कधी गेलोय?

नेवेना

उल्म, ८ डिसेंबर

सेको,

दोष माझाच आहे. असू दे, मला सवय आहे.

पण बोस्नियाच्या पोराला सांगितलं तेव्हा त्याने भिंतीवर हातोडा घातला, नको तिथे. मुकादमाने विचारलं, काय झालं. सांगितलं. म्हातारा त्या दिवशी तीन शब्दांहून जास्त बोलला. म्हणाला, ‘‘बाईंचं बरोबर आहे. मोठ्या कारखान्यात बाटली घेता येत नाही. मीसुद्धा तुझी बरणी घ्यायला नको होती.’’ मी म्हटलं, ‘‘मग परत देता का?’’ म्हणाला, ‘‘संपली.’’

म्हणजे नियम बरोबर आहे आणि पोरगीही बरोबर आहे. मग चुकलं कुठे? मी दोन दिवस यावर डोकं घासतोय. मला एवढंच सुचतं की ती बाई वर्षभर आपल्या गावात राहते आणि तिला कोणी घरी बोलावलेलं दिसत नाही. कोणाच्या दारात गेलीच नाही तर दारात जाताना काय करतात हे तिला कुठून कळणार? बिचारी रविवारी काय करत असेल? एकटी चीज खात बसत असेल. मलाही इथे पहिल्या वर्षी कोणी बोलावलं नव्हतं, मला माहितेय ते.

एकोणीसला आपली स्लावा आहे, आपल्या घराण्याच्या संताचा सण. संत निकोलाच्या दिवशी आपण कोणाला आमंत्रण देत नाही, ज्याला यायचं तो येतो. पण परक्या माणसाला हे सांगावं तर लागेल. तिला सांग. गोरित्साचं नाव काढू नकोस, काही मागू नकोस. फक्त मासा खाऊ घाल.

मला यंदा रजा नाही. माझ्या वाटचा, प्रसादाच्या गोड गव्हाचा चमचा कोणालाही दे.

वेल्को

ता. क. मुकादम आणखी एक म्हणाला, ते सांगायचं राहिलं. मला तीन वर्षांच्या कारागीर-शिक्षणाला घालतो म्हणे, कागदपत्र, पगार सगळं. पण आधी कचेरीत मुलाखत द्यावी लागते. मी म्हटलं, बघू. तीन वर्षं एका जागी? माझे पाय मला सोडून निघून जातील.

निश, २१ डिसेंबर

वेल्को,

आल्या. हिल्केबाई आल्या.

कारखान्याच्या फाटकापाशी गाठून म्हटलं, आमच्या घरी सण आहे, कोणीही येतं, तुम्हीही या. त्यांनी विचारलं, ‘‘किती वाजता?’’ मी म्हटलं, ‘‘दिवसभर.’’ हे उत्तर त्यांना फार त्रासदायक वाटलं.

दुपारी घर भरलेलं. ड्रागोल्युब मामा तिसऱ्यांदा तेच भाषण करत होते. घंटा वाजली. आईने दार उघडलं, मी तिच्या मागे. दारात हिल्केबाई, कोटाची सगळी बटणं लावलेली, एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात गुलाब. हात इतके भरलेले की हस्तांदोलन करायला हातच नाही. म्हणाल्या, ‘‘ऑफिसात विचारलं. सगळे म्हणाले, रिकाम्या हाताने जायचं नसतं.’’

मी भाषांतर केलं. वेल्को, शपथ, एक शब्दही जास्त बोलले नाही.

आई म्हणाली, ‘‘कशाला एवढी तसदी!’’ आणि बाटली घेतली. फुलं घेतली. तुला आईचे डोळे माहीत आहेत, फुलं मोजायला तिला क्षणही लागत नाही. सम निघाली. पाहुणीची पाठ वळताच तिने एक गुलाब उपसला आणि छत्र्यांच्या भांड्यात खोचला. पण आरसा आहे ना तिथे, त्यात हिल्केबाईंनी बघितलं.

‘‘ते का काढलं?’’

मला खरं सांगावं लागलं. सम फुलं आम्ही मेलेल्यांना नेतो.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी नापास?’’

आई विचारते, ‘‘काय म्हणतेय गं?’’ मी सांगितलं, ‘‘विचारतायत, नापास झाले का.’’

‘‘दारातल्या माणसाला कोण नापास करतं?’’ आई म्हणाली. ‘‘आधी आत तर येऊ दे. सांग तिला, कोट काढ म्हणावं, मासा गार होतोय.’’

मी भाषांतर केलं. शब्दन् शब्द. त्यांनी कोटाचं पहिलं बटण काढलं, मग बाकीची.

मग गंमतच झाली. आईने प्रसादाच्या गव्हाचं ताट पुढे केलं, एकेकाने एकच चमचा घ्यायचा असतो, तर त्यांनी चमचा घेतला, एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताटच मांडीवर ओढून खायला लागल्या. मामांचं भाषण थांबलं. आई म्हणाली, ‘‘खाऊ दे. एकटीला कोण शिजवून घालतंय.’’ तुझ्या वाटचा चमचा त्यात गेला असं समज. मग त्यांनी पर्समधून चॉकलेटही काढलं, ते दुधाचं निघालं; नाताळाच्या उपासात मासा चालतो, दूध नाही, म्हणून आईने ते उपास सुटेपर्यंत कपाटावर ठेवलंय.

निघताना जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, ‘‘त्या मुलीच्या घरीही असंच असतं का?’’

मी म्हटलं, ‘‘त्यांच्या गावात शेजारी मीठ मागायला जातानाही हातात दोन अंडी असतात.’’

‘‘बाटली मी घेऊ शकत नाही. उद्याही नाही, कधीच नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘पण ती का आणली, हे मी विचारलं नाही.’’ आणि हातमोजे घालत खाली गेल्या.

पुढे काय, मला माहीत नाही.

नेवेना

उल्म, ४ जानेवारी

सेको,

पत्र बोस्नियाच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवलं. मुकादमही ऐकत होता, खिडकी पुसतोय असं दाखवत. त्याला आपली भाषा येत नाही, तरी.

परत बोलावलं तर गोरित्साला हातात काही देऊ नकोस. फुलसुद्धा नको, सम नको, विषमही नको. पण मग हातांचं काय करायचं? मी असतो तर खिशात घातले असते. तू काय सांगतेस? मला जरा नीट लिही. सहज विचारतोय.

वेल्को

निश, २४ जानेवारी

वेल्को,

बोलावलं. काल झाली.

तुझ्या ‘सहज’चं उत्तर आधी. खिशात अजिबात नाहीत. घडीही घालायची नाही, मारामारीला आल्यासारखं दिसतं. तळवे मांडीवर ठेवायचे, घरी आईच्या टेबलाशी बसतोस तसे. आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की स्वतःबद्दल नाही, केलेल्या एखाद्या कामाबद्दल सांगायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे मी गोरित्साकडून महिनाभर करून घेतलं. रोज एक बिघाड सांगायचा, मीटर दूर ठेवून.

आता काल. मी पुन्हा कोपऱ्यात. गोरित्सा आली, रिकाम्या हातांनी. बसली. तळवे मांडीवर ठेवले. हिल्केबाई म्हणाल्या, ‘‘मागच्या वेळी माझा एक प्रश्न विचारायचा राहिला होता. बाटली का आणली होतीत?’’

मी मनात म्हटलं, आता ‘हो’ किंवा ‘नाही’. गोरित्सा म्हणाली, ‘‘मी तुमच्या दारात पहिल्यांदा येत होते.’’

एवढंच. मग बाईंनी विचारलं, ‘‘आता?’’ म्हणाली, ‘‘आता दुसऱ्यांदा आलेय. नियम वाचून आलेय. बाटली घरी आहे, आजोबांनी उघडली.’’ बाई हसल्या. मग तिने मागच्या उन्हाळ्यात गावच्या दूधसंकलनाच्या थंड टाकीचा बिघाड कसा शोधला ते सांगितलं. मध्ये थांबली नाही. उंदराने कुरतडलेल्या वायरपर्यंत पोचली तेव्हा बाई स्वतः पुढे वाकून विचारत होत्या, ‘‘मग?’’

सचोटीच्या रकान्यात शून्य खोडून चार केले. पाच का नाही, मी विचारलं नाही. मागचा शेराही काढून टाकला. सहा महिने उमेदवारी, मग कायम. एक फेब्रुवारीपासून. आजोबा शेळ्या विकत नाहीत.

आणि हो, पुढच्या वर्षीच्या सराव-मुलाखतीत पहिल्याच दिवशी सांगायचं ठरवलंय: तिथे काही न्यायचं नाही, आणि का नाही ते. आणि हिल्केबाईंनाही त्यांच्या लोकांना काहीतरी सांगायचंय म्हणे. आईला विचारत होत्या, गुलाब किती आणायचे.

तू कोणासाठी विचारतोयस, वेल्को?

नेवेना

उल्म, २ फेब्रुवारी

सेको,

बोस्नियाच्या पोराने बातमी ऐकून मुकादमाला मिठी मारली. म्हातारा ‘हं’ म्हणाला.

माझ्यासाठी विचारत होतो. मुलाखत उद्या सकाळी आहे. त्या कारागीर-शिक्षणाची. आईला सांगू नकोस, नाहीतर ती गळ्याला गुंडाळायचं सांगायला कचेरीत फोन करेल.

मिले काकांनी आणलेली नवी बरणी टेबलावर आहे. संध्याकाळपासून दोनदा पिशवीत घातली आणि दोनदा बाहेर काढली. आता फडताळात ठेवून दिलीय, पिठाच्या मागे, म्हणजे सकाळी हाताला लागणार नाही.

स्वतःबद्दल विचारलं तर या गावातली पहिली खिडकी सांगणार आहे. तिसऱ्या मजल्यावरची, एका म्हातारीच्या स्वयंपाकघराची. चौकट अर्धा बोट वाकडी होती आणि मी ती सगळी काढून पुन्हा बसवली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आठवून बघितलं, तेवढंच एक काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय. आणि त्या म्हातारीने निघताना मला कॉफी पाजली, ते मी सांगणार नाही.

खोलीत खुर्चीवर बसून सराव केला. तळवे मांडीवर, आईच्या टेबलाशी बसतो तसे. सेको, फार विचित्र वाटतं. पण पाय मात्र हलले नाहीत.

वेल्को